खताचा दोष

त्या दोघी जावा. कामाची वाटणी कुणी करून दिली नव्हती, ती होत गेली. कालवांची पिल्लं थोरलीची आणि पिल्लांचं खाणं धाकटीचं. धाकटीचा नवरा पंप, पाइप, जाळ्या आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा. थोरलीचा नवरा, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, बंदरातल्या ड्रेजरवर होता. तळाचा गाळ उपसून मोठ्या जहाजांना वाट मोकळी करून द्यायची, हे त्याचं काम. तो ड्रेजरवरच राहायचा, सुट्टी मिळाली की घरी यायचा. खरं तर कालवांची पिल्लं वाढवून विकायची ही हॅचरी त्यानेच उभी केली होती. पण तिच्यावर दोन चुली पेटत नाहीत हे कळल्यावर त्याने ती बायको आणि भावाच्या हाती दिली आणि तो तिकडे लागला. लेक बाहेरगावी नर्सिंग शिकत होती, तेही त्याच्याच पगारावर.

हॅचरी म्हणजे खाडीकाठची पत्र्याची लांबट शेड. एका टोकाला थोरलीच्या निळ्या टाक्या आणि तिचं मायक्रोस्कोपचं टेबल, दुसऱ्या टोकाला काचेचं दार असलेली धाकटीची खोली. खोलीत पांढऱ्या दिव्यांपुढे बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीत हवेची बारीक नळी सोडलेली, आणि दिवसभर बुडबुड्यांचा आवाज. बरण्यांमध्ये शेवाळ वाढायचं. तळ्याच्या पायऱ्यांवर चिकटतं तसलं नव्हे. हे इतकं सूक्ष्म की नुसतं रंगीत पाणीच दिसावं. काही बरण्या हिरव्या, काही चहासारख्या तपकिरी. बरणीतलं शेवाळ दाट झालं की ते बाहेरच्या टाकीत ओतायचं, तिथे उन्हात ते भराभर वाढायचं, आणि मग रोज मापाने पिल्लांना.

कालवाचं पिल्लू नुसत्या डोळ्यांनी धड दिसतही नाही. टाकीतलं पाणी पेल्यात घेऊन उजेडासमोर धरलं तर धुळीसारखं काहीतरी गरगरताना दिसतं, तेवढंच. पण त्या धुळीला पोट असतं, आणि ते पोट शेवाळाशिवाय कशालाच शिवत नाही. थोरली मायक्रोस्कोपमधून बघायची आणि पिल्लांच्या पोटात रंग दिसला की तिकडून ओरडून सांगायची, "जेवली गं तुझी पाहुणे मंडळी." हे ऐकल्याशिवाय धाकटी स्वतः जेवायला बसत नसे.

शेवाळाला वाढायला बाटलीतलं एक तयार मिश्रण लागायचं. त्याला सगळे 'औषध' म्हणत. ते लांबून यायचं आणि नेहमीच महाग होतं, पण येत होतं. मग पुरवठा करणाऱ्याने हात वर केले, आणि दुसऱ्याने जो भाव सांगितला तो ऐकून धाकटीच्या नवऱ्याने फोन ठेवला आणि बराच वेळ पंपाशी उगाच खटपट करत बसला.

"शेतात जे टाकतात तेच टाकून बघू का?" धाकटी म्हणाली.

"युरिया?" थोरली हसली. "पिल्लांना काय भाताच्या रोपांसारखं वाढवणार आहेस?"

"पिल्लांना नाही हो ताई, शेवाळाला. त्यालाही नत्र लागतं, स्फुरद लागतं. गोणीत तेच असतं."

"गोणीत आणखी काय काय असतं ते कुणाला माहीत," थोरली म्हणाली. पण बाटल्या संपत आल्या होत्या, तेव्हा ती अडून बसली नाही.

धाकटी युरिया आणि सुपर फॉस्फेट घेऊन आली. पहिल्यांदा तिने युरिया सढळ हाताने घातला आणि बरण्या दोन दिवसांत पिवळ्या पडल्या, दार उघडलं की नाकाला झोंबेल असा वास. "हात दाखवून अवलक्षण," ती स्वतःशीच म्हणाली आणि सगळं ओतून दिलं. मग थोडं थोडं, दिवसाआड घालायला लागली. सुपर फॉस्फेट विरघळत नसे, तळाला राखेसारखा साका धरायचा. ते आदल्या दिवशी भिजवून, दुहेरी कपड्यातून गाळून, वरचं निवळ पाणी तेवढं घ्यायचं हे तिला जमलं. तपकिरी शेवाळाला सिलिका, म्हणजे काचेचा अंश लागतो. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या माणसाकडे चिकटवायला वापरतात ती काचेची लापशी असते, ती त्याने कपभर दिली. जीवनसत्त्वासाठी ती औषधाच्या दुकानात गेली आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं मागितली. दुकानदाराने विचारलं, "कुणाला अशक्तपणा?"

"पाण्याला," ती म्हणाली. तो हसला, पण इंजेक्शनं दिली.

आणि जमलं. बरण्या आधी फिकट, मग हळूहळू गडद होत गेल्या. बाहेरची टाकी तर अशी हिरवीगार झाली की बोट बुडवलं तर दुसऱ्या पेरापुढे दिसेना. धाकटीचा नवरा टाकीच्या कठड्यावर ओणवून म्हणाला, "हे तर बाटलीतल्यापेक्षा बरं दिसतंय. इतके दिवस आपण काय पाणी विकत घेत होतो का?" धाकटी थोरलीकडे बघत होती. थोरलीने मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि म्हणाली, "जेवली."

पहिली खेप त्या शेवाळावर वाढली, शिंपल्याच्या चुऱ्यावर चिकटून बसली आणि बी म्हणून विकलीही गेली. दुसरीही. धाकटीला वाटायला लागलं की आता निभावलं. औषधाची शेवटची एक बाटली तिने कपाटात तशीच ठेवली होती, अडीअडचणीला म्हणून. आता तिची गरज पडणार नाही असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या खेपेची पिल्लं मेली.

सकाळी थोरलीने टाकीतली हवा बंद करून बघितलं तर पोहणारं काहीच दिसेना. तळाला फिकट थर. मायक्रोस्कोपखाली अर्ध्या डाळीसारखे नुसते शिंपले, काही रिकामे, काहींत अजून किंचित हालचाल. तिने दुसरी टाकी बघितली, तिसरी बघितली. मग खुर्चीवर बसली आणि हाक मारली ती धाकटीला नाही, तिच्या नवऱ्याला. "भाऊजी, जरा इकडे या."

एखादी खेप जाते, हॅचरीत हे होतंच. टाक्या घासल्या, सुकवल्या, पुन्हा कालवं कोमट पाण्यात ठेवली, पुन्हा अंडी घेतली. चौथी खेपही तशीच गेली, आणि आणखी लवकर.

त्या दिवशी थोरलीच्या तोंडून ते निघालं. दोघी टाकी धूत होत्या. थोरली आत उतरून ब्रशने घासत होती, धाकटी वरून पाणी मारत होती.

"गोणीतलं खत ते गोणीतलंच," थोरली खाली बघत म्हणाली. "दोन वेळा सोसलं पिल्लांनी. आता भिनलं."

"भिनायला काय राहतंय ताई? रोज नवीन शेवाळ, नवीन पाणी."

"मग मेली कशानं? सांग तू. टाक्या त्याच, मी तीच, कालवं तीच. बदललं काय? तुझं खत बदललं."

धाकटीने रात्रंदिवस त्याचाच विचार केला होता आणि तिलाही दुसरं काही सापडलं नव्हतं. तिने पाइप खाली ठेवला. "मी नीट गाळते," एवढंच ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

यानंतर घरात कुणी भांडलं नाही. तेच जास्त वाईट होतं. थोरली पूर्वीसारखीच वाढायची, पूर्वीसारखीच कपडे वाळत घालताना धाकटीचेही घालायची. पण तिकडून "जेवली गं" अशी हाक येणं थांबलं. धाकटी माप भरून शेवाळ न्यायची, टाकीत ओतायची आणि परत यायची. थोरली टाकीवर झाकण ठेवायची. धाकटीचा नवरा मधल्या मध्ये अवघडायचा. बायकोची बाजू घ्यावी तर वहिनी, वहिनीची घ्यावी तर बायको. तो बहुतेक वेळ पंपाच्या खोलीतच असे. पंपाला कधी नव्हे इतकं तेलपाणी मिळत होतं.

शेवटी धाकटीनेच कपाटातली बाटली काढली.

"ताई, हे औषध आहे ना, तुमच्या विश्वासातलं. यावर थोडं शेवाळ करते. पुढच्या खेपेची मूठभर पिल्लं वेगळ्या बादलीत ठेवू, त्यांना हे. दुसऱ्या बादलीला खतावरचं. आणि तिसरीला काहीच नाही."

"उपाशी ठेवायची?"

"उपाशी पिल्लू लगेच मरत नाही, तुम्हीच सांगितलंय मला. पहिले काही दिवस अंगातल्या तेलावर काढतं. खतानं मरत असतील तर उपाशी बादली जास्त टिकेल."

थोरलीने विचार केला. तिला हरकत घ्यायला जागा नव्हती. पंपाच्या नेहमीच्या पाण्याच्या तीन बादल्या ओळीने मांडल्या. धाकटीचा नवरा म्हणाला, "चौथी पण लावू. मी होडी घेऊन भूशिराच्या पलीकडून ड्रमभर पाणी आणतो. तिकडचं पाणी, खतावरचं शेवाळ. बघू तर." त्याने ते सहज म्हटलं होतं, घरात बसून गुदमरण्यापेक्षा होडी बरी, एवढंच त्याच्या मनात होतं.

औषधाच्या बादलीतली पिल्लं आधी मरून तळाला गेली. खताची त्याच दिवशी, संध्याकाळपर्यंत. उपाशी बादलीतलीही त्यांच्याबरोबरच. थोरली एकेक थेंब काचेवर घेऊन बघत होती आणि काच पुसत होती. मग तिने चौथ्या बादलीतला थेंब घेतला. बराच वेळ बघत राहिली.

"बघ," ती म्हणाली आणि खुर्ची सोडून उठली.

धाकटीने डोळा लावला. पिल्लं गरगरत होती, एकमेकांना धडकत होती, आणि प्रत्येकाच्या पोटात तिच्या शेवाळाचा सोनेरी ठिपका.

खत निर्दोष सुटलं होतं. इतके आठवडे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. धाकटीला वाटलं होतं की हे कळेल तेव्हा छातीवरचा दगड उतरेल, कदाचित ती रडेल, कदाचित ताई तिला जवळ घेईल. तिने मान वर केली. थोरली टेबलाला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर धाकटीने कधी न बघितलेली भीती होती.

"तुझ्या खतानंच मेली असती तर बरं झालं असतं गं," थोरली म्हणाली. "खत बदलता आलं असतं."

दारातून खाडी दिसत होती. भरतीचं पाणी, नेहमीसारखंच, थोडं राखाडी. त्यातच पंपाचा पाइप सोडलेला होता.

दादा पुढच्या सुट्टीला आला तेव्हा जेवणं झाल्यावर धाकट्या भावाने त्याला सगळं सांगितलं. दादा ऐकत राहिला. पाण्याचा पेला हातातच धरून त्याने विचारलं, "तिसरी खेप कधी गेली म्हणालास?" भावाने सांगितलं.

"तेव्हाच आम्ही जुन्या गोदीत घुसलो," दादा म्हणाला. "त्याआधी बाहेर होतो, तिथे नुसती वाळू. गोदीत वेगळा गाळ आहे. वर्षानुवर्षं तिथे जहाजं घासली, रंगवली. बुडाला शंख-शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग देतात ना, त्याच्या पापड्याच्या पापड्या येतात वर. ड्रेजरच्या बादलीला चिकटतात."

गोदीतलं पाणी भरतीबरोबर याच खाडीत यायचं. तो रंग शिंपल्यांना मारायलाच केलेला असतो, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. शेवाळाला तेवढ्याने काही होत नव्हतं. पिल्लांना होत होतं.

"गाळणीतून जातं?" धाकटीने विचारलं.

"पाण्यात उतरलेलं असेल तर गाळणी काय करणार?" दादा म्हणाला. मग थोरलीकडे न बघता, "किती दिवस चालेल ते विचारतेस ना? गोदीचं काम आत्ता कुठे सुरू झालंय. पुढे धक्का वाढवणार आहेत. काही वर्षं."

थोरलीने विचारलं नव्हतं.

"मी सोडतो ती नोकरी," तो म्हणाला.

"आणि?" थोरली म्हणाली. "तुम्ही उतरलात की ड्रेजर थांबणार आहे का? दुसरा चढेल. पोरीची फी कोण भरणार? आणि आपण काय खायचं, शेवाळ?"

दादाने पेला खाली ठेवला. तो हसला नाही, कुणीच हसलं नाही. सुट्टी संपल्यावर तो गेला. जाताना धाकटीला म्हणाला, "तुझं काम चांगलं झालंय, मी टाकी बघितली."

धाकटी आणि तिचा नवरा बंदराच्या ऑफिसात जाऊन आले. तिथला अधिकारी बरा माणूस होता. त्याने खुर्च्या दिल्या, सगळं ऐकलं, कालवांबद्दल दोन प्रश्नही विचारले. म्हणाला, "तुमचं खरं असेल. मी नाही म्हणत नाही. पण गाळ काढला नाही तर जहाजं येणार नाहीत, आणि जहाजं आली नाहीत तर या गावात उरतं काय? तुम्ही दुसरीकडे जागा का बघत नाही?" त्याने ते मनापासून विचारलं होतं. दोघं परत येताना त्याच्या प्रश्नाला उत्तर शोधत राहिली, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. पण दुसरीकडे म्हणजे दुसरी शेड, दुसऱ्या टाक्या, दुसरं आयुष्य.

राहिलं होतं ते भूशिरापलीकडचं पाणी. धाकटीचा नवरा रोज होडी काढायला लागला. ड्रम भरायचे, आणायचे, उतरवायचे, टाकीत ओतायचे. थोरलीने पाचवी खेप घेतली, एकाच टाकीत, जेवढ्याला पाणी पुरेल तेवढीच. ती जगली. रोज वाढत गेली. एका सकाळी तिकडून हाक आली, "अगं ये, डोळे आले." कालवाच्या पिल्लाला बसायची वेळ झाली की अंगावर एक काळा ठिपका दिसायला लागतो, त्याला डोळा म्हणतात. दोघींनी आळीपाळीने मायक्रोस्कोपमध्ये बघितलं. थोरलीचा हात धाकटीच्या पाठीवर होता आणि तो तिने बराच वेळ काढला नाही. त्या आठवड्यात घरात बोलणंचालणं पूर्वीसारखं झालं. नवरा ड्रम वाहून कमरेत वाकडा झाला होता, तरी म्हणाला, "अजून एक टाकी वाढवली तरी ओढेन मी."

पण बसलेल्या पिल्लांना साठवलेलं पाणी पुरत नाही. त्यांना वाहतं पाणी लागतं, रात्रंदिवस, आणि ते होडीतून आणून होत नाही. त्यांनी जितकं ताणता येईल तितकं ताणलं. तेच पाणी गाळून फिरवलं, शेवाळ दाट करून दिलं. मग वारा फिरला आणि लाटांमुळे होडी भूशिराच्या पुढे जाईना. नवऱ्याने एकदा प्रयत्न केला, अर्धे ड्रम समुद्रात घालवून परत आला, आणि त्यानंतर त्याची कमर अशी धरली की त्याला खाटेवरून उठवायला दोघी लागल्या. टाकीतलं पाणी वास मारायला लागलं. आता खाडीचं पाणी सोडायचं किंवा काहीच सोडायचं नाही, एवढीच निवड उरली.

"सोड," थोरली म्हणाली. "कदाचित बसलेली टिकतील. कवच धरलंय त्यांनी."

धाकटीने पंप सुरू केला.

ती टिकली नाहीत. एकदम मेली नाहीत, एवढंच. थोडी थोडी करून, शिंपल्याच्या चुऱ्यावर तोंडं उघडी टाकून. थोरली रोज मेलेली वेचून काढायची, जोपर्यंत वेचायला जिवंत आणि मेलेली असे दोन भाग होते तोपर्यंत.

शेवाळ मात्र तसंच वाढत होतं. त्याला खाडीच्या पाण्याचं काही वाटत नव्हतं. बाहेरची टाकी उन्हात हिरवीगार, काठोकाठ. धाकटी सवयीने अजून खत भिजवायची, गाळायची, घालायची. एक दिवस थोरलीने विचारलं, "कुणासाठी करतेस?" तिने खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. धाकटी म्हणाली, "बंद केलं की बरण्या मरतील. पुन्हा कुठून आणायचं बीज?" पण दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या टाकीत खत घालणं तिने थांबवलं.

दुसऱ्या किनाऱ्यावर हॅचरी असलेला एक माणूस आला. पूर्वी तो यांच्याकडूनच बी न्यायचा. त्याच्याकडेही औषध यायचं बंद झालं होतं आणि कुणाकडून तरी त्याने ऐकलं होतं की इथली बाई गोणीतल्या खतावर शेवाळ करते. धाकटीने त्याला दिवसभर बसवून सगळं दाखवलं. युरिया किती, कधी, वास आला तर काय समजायचं. फॉस्फेट कसं भिजवायचं. काचेची लापशी शेवटी घालायची, आधी नाही. तो प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून घेत होता. निघताना तिने त्याला हिरवी आणि तपकिरी, दोन्ही बरण्यांतलं बीज बाटल्यांमध्ये भरून दिलं आणि झाकणं कशी सैल ठेवायची ते सांगितलं. नवऱ्याने त्याला हवेचा पंप विकला. थोरलीने चहा केला आणि तिच्या टाक्यांबद्दल त्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या पण न्या. निळ्या आहेत, उन्हानं तडकत नाहीत."

दोघी जावा आता मासळी गोठवण्याच्या कारखान्यात जातात. एकाच टेबलाला समोरासमोर उभ्या राहतात, हातमोजे घालून, आणि कोळंबी सोलतात. थंडीने बोटं बधिर होतात, म्हणून मधूनमधून काखेत धरायची. धाकटीचा नवरा बसून करता येईल असं काम शोधतोय. दादा अजून गोदीतच आहे. सुट्टीला येतो, मुलीची खुशाली सांगतो, लवकर झोपतो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत धाकटीला फोन आला. त्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या हॅचरीवाल्याचा होता. त्याची पहिली खेप बसली होती. "तुमचं शेवाळ झकास वाढतंय बाई," तो म्हणाला. "तुम्ही कधी सुरू करताय पुन्हा?"

"बघू," ती म्हणाली.

तिने थोरलीला सांगितलं. थोरली डबा बंद करत होती. ती थांबली.

"किती दिवसांत बसली?"

"विचारलं नाही."

"विचारायचं होतंस," थोरली म्हणाली. मग घंटा झाली, आणि दोघी हातमोजे चढवून आत गेल्या.